घरच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस येतो कसा आणि त्याला अडवायचं कसं

एखादी साइट उघडली की "मी रोबोट नाही" म्हणून चौकोनात टिक करायची, हे आता इतकं अंगवळणी पडलंय की आपण पुढचं वाचतही नाही. २०२४ पासून ह्याच सवयीचा फायदा घेणारा एक प्रकार जोरात चालू आहे. टिक केली की पुढची सूचना येते: पडताळणीसाठी विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. सोपं वाटतं, लोक करतात. होतं काय, तर तुम्ही टिक केलीत त्याच क्षणी साइटने तुमच्या क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेलं जिथे तात्पुरतं साठतं तिथे, गुपचूप एक कमांड, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायचा लेखी हुकूम, टाकलेली असते, विंडोज-आरने 'रन'ची खिडकी उघडते, कंट्रोल-व्हीने ती कमांड तिथे येते आणि एंटर मारलं की ती चालते. वर कमांड मुद्दाम इतकी लांबलचक केलेली असते की त्या छोट्याशा खिडकीत तिचं नुसतं शेपूट दिसतं, आणि शेपटावर लिहिलेलं असतं "मी रोबोट नाही, पडताळणी क्रमांक अमुक". ह्या प्रकाराला क्लिकफिक्स म्हणतात.

ह्यात विंडोजमधली कुठलीही चूक वापरलेली नाही बरं का. सगळं काम मालकाने स्वतःच्या बोटांनी केलं.

घरचा कॉम्प्युटर सांभाळायचा म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न असतो "कुठला अँटीव्हायरस घेऊ?" माझ्या मते तो तिसऱ्या-चौथ्या नंबरचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न हा, की माझ्या कॉम्प्युटरवर काय चालतंय आणि ते चालवलं कोणी.

## व्हायरस म्हणजे शेवटी एक प्रोग्रॅमच

व्हायरस हा वर्ड किंवा ब्राउझरसारखाच एक प्रोग्रॅम असतो, फक्त तो लिहिणाऱ्याचा हेतू वाईट. काटेकोर बोलायचं तर व्हायरस म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये स्वतःची कॉपी घुसवणारा, वर्म म्हणजे नेटवर्कवरून आपला आपण पसरणारा, आणि ट्रोजन म्हणजे चांगल्या प्रोग्रॅमचं सोंग घेऊन आलेला. ह्या सगळ्यांना मिळून मालवेअर म्हणतात. पण बोलताना सगळेच व्हायरस म्हणतात, मीही इथे तसंच म्हणणार आहे.

पीसीवरचा पहिला गाजलेला व्हायरस १९८६ चा, नाव ब्रेन. लाहोरमधल्या दोन भावांनी लिहिलेला, आणि त्यांनी चक्क आपली नावं, पत्ता आणि फोन नंबर त्या व्हायरसमध्येच घातले होते! तो फ्लॉपीच्या अगदी सुरुवातीच्या भागात बसायचा, आणि ती फ्लॉपी आत ठेवून कॉम्प्युटर चालू केला की चालायचा. नुसती फ्लॉपी टेबलावर पडून असेल तर काहीही होत नव्हतं.

हा मुद्दा जुना असला तरी आजही तसाच्या तसा लागू आहे. व्हायरसची फाइल डिस्कवर पडून आहे एवढ्याने नुकसान होत नाही, ती चालावी लागते. आणि ती चालण्याचे रस्ते मोजकेच आहेत. तुम्ही स्वतः चालवता, किंवा एखाद्या सॉफ्टवेअरमधल्या चुकीचा फायदा घेऊन ती परस्पर चालवली जाते, किंवा मग तुमच्या विश्वासातलं सॉफ्टवेअरच तिला सोबत घेऊन येतं. तिसरा रस्ता क्वचित, पण अगदीच नाही असं नाही, २०१७ मध्ये सीक्लीनर ह्या लोकप्रिय सॉफ्टवेअरची खुद्द अधिकृत डाउनलोड आवृत्तीच हल्लेखोरांनी बिघडवली होती आणि ती वीस लाखांहून जास्त कॉम्प्युटरवर गेली. तिथे घरगुती माणूस फार काही करू शकत नाही, फक्त जितकी सॉफ्टवेअर कमी तितका धोका कमी, म्हणून वापरात नसलेली काढून टाका. पहिल्या दोन रस्त्यांवर मात्र बरंच काही आपल्या हातात आहे.

## आपणच चालवतो तेव्हा

४ मे २००० ला "आय लव्ह यू" असा विषय असलेली ईमेल जगभर फिरायला लागली. सोबतच्या फाइलचं नाव "लव्ह-लेटर-फॉर-यू डॉट टीएक्सटी डॉट व्हीबीएस". खरा प्रकार कळतो तो शेवटच्या तुकड्यावरून, आणि व्हीबीएस म्हणजे चालणारी स्क्रिप्ट. पण विंडोज मुळात हा शेवटचा तुकडा, म्हणजे एक्स्टेन्शन, लपवून ठेवतं, त्यामुळे लोकांना दिसलं फक्त "डॉट टीएक्सटी", म्हणजे साधी मजकुराची फाइल. उघडली, चालली, आणि अ‍ॅड्रेस बुकमधल्या सगळ्यांना आपोआप पुढे गेली. ईमेल ओळखीच्या माणसाकडून आलेली असल्याने संशय घ्यायचं कारणही नव्हतं.

इतकी वर्षं झाली तरी विंडोज अजून एक्स्टेन्शन लपवतंच, का ते मला कधी कळलेलं नाही. तर पहिलं काम हे करा: फाइल एक्सप्लोरर उघडा, 'व्ह्यू' मध्ये जा आणि 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करा. फुकट आहे, दहा सेकंदांचं काम आहे आणि "बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई" असलं काही आलं तर लगेच दिसेल.

आता क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरबद्दल. महागडं सॉफ्टवेअर फुकट मिळवायचं म्हणून लोक क्रॅक (लायसन्सची अट तोडलेली आवृत्ती) किंवा कीजेन (खोटी लायसन्स की बनवणारा प्रोग्रॅम) शोधतात, आणि त्यासोबतच्या सूचनेत बहुतेक वेळा लिहिलेलं असतं "आधी अँटीव्हायरस बंद करा, तो उगाच व्हायरस दाखवतो". फाइल झिपमध्ये असते, झिपला पासवर्ड असतो आणि पासवर्ड शेजारीच दिलेला असतो. आता विचार करा, पासवर्ड सगळ्यांना सांगायचाच आहे तर लावला कशाला? कारण पासवर्ड असलेल्या झिपच्या आत स्कॅनरला बघता येत नाही. तुमचा एखादा मित्र म्हणेल की मी गेली कित्येक वर्षं क्रॅक वापरतोय, काही झालं नाही. त्याला काही झालं नाही की काही दिसलं नाही, हे त्याला कसं कळणार? हल्लीचा चांगला (म्हणजे वाईट) व्हायरस स्क्रीनवर नाचत नाही, आपलं काम करून गप्प बसतो.

सर्चमधल्या जाहिराती हा आणखी एक सापळा. एखाद्या फुकट सॉफ्टवेअरचं नाव शोधलं की सगळ्यात वर कधीकधी जाहिरात असते, हुबेहूब खऱ्या साइटसारखी, पण डाउनलोड होतं भलतंच. हा प्रकार इतका वाढला की अमेरिकेच्या एफबीआयने डिसेंबर २०२२ मध्ये लोकांना अ‍ॅड ब्लॉकर, म्हणजे जाहिराती दिसूच न देणारं सॉफ्टवेअर, वापरायचा सल्ला दिला. पोलीस यंत्रणेने अ‍ॅड ब्लॉकर लावा म्हणणं, ह्यावरूनच काय ते समजा. तर अ‍ॅड ब्लॉकर लावा, आणि सॉफ्टवेअर घेताना जाहिरातीच्या खालचा खरा निकाल बघा, पत्ता नीट वाचा, किंवा सरळ मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घ्या.

वर्ड-एक्सेलच्या फाइलींमधल्या मॅक्रोंचं, म्हणजे कागदपत्रात दडलेल्या छोट्या प्रोग्रॅमचं, १९९९ च्या मेलिसा व्हायरसपासून मोठं प्रस्थ होतं. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये इंटरनेटवरून आलेल्या फाइलींमधले मॅक्रो मुळातच बंद केले. हा रस्ता अरुंद झाला आणि मग "तुम्हीच कमांड टाका" वाले प्रकार वाढले. कोणी "एनेबल कंटेंट" दाबायला लावत असेल किंवा काहीतरी कॉपी-पेस्ट करून चालवायला सांगत असेल तर थांबायचं. खरा कॅप्चा, म्हणजे ती "मी रोबोट नाही" वाली पडताळणी, तुम्हाला कधीही रनची खिडकी उघडायला सांगत नाही, कधीच नाही.

## काहीच केलं नाही तरी लागतो तेव्हा

१२ मे २०१७ ला वॉनाक्राय पसरला. दीडशेच्या आसपास देश, दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटर, ब्रिटनमधल्या हॉस्पिटलांना पेशंट परत पाठवावे लागले. कोणी काही क्लिक केलं नव्हतं. विंडोजच्या फाइल शेअरिंगमध्ये एक चूक होती, तिचा वापर करून तो एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर आपोआप जात होता.

पण ती चूक दुरुस्त करणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिला होता, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी. ज्यांनी तो घेतला होता त्यांच्या मशीनमध्ये वॉनाक्रायला त्या रस्त्याने शिरताच आलं नाही. उलट गंमत अशी की अपडेट आला की चूक नेमकी कुठे होती हे हल्लेखोरांनाही कळतं, जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून फरक बघायचा की झालं. त्यामुळे अपडेट निघाल्यानंतर न घेता बसलेला कॉम्प्युटर हा अपडेट निघण्याआधीपेक्षा जास्त धोक्यात असतो. "नंतर आठवण करा" दाबणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

घरात राऊटर असेल तर बाहेरून थेट येणारी असली कनेक्शनं तो बहुतेक आत सोडत नाही, ही जमेची बाजू. मग घरी उरतो मुख्यतः ब्राउझर, कारण दिवसभर अनोळखी साइटचा कोड तोच चालवत असतो. म्हणून अपडेट आला की ब्राउझर बंद करून उघडायचा, पन्नास टॅब उघडे आहेत ही सबब नको. राऊटरचा स्वतःचाही अपडेट असतो आणि मुळातला अ‍ॅडमिन पासवर्डही बदलायचा असतो, हे बहुतेकांच्या गावीही नसतं.

## "पण अपडेट केला की कॉम्प्युटर स्लो होतो, बिघडतो"

होतो कधीकधी, खोटं कशाला बोलू. अपडेटमुळे प्रिंटर बंद पडल्याच्या तक्रारी खऱ्या आहेत. पण बिघडलेला अपडेट काढता येतो, चोरीला गेलेला पासवर्ड परत आणता येत नाही. फारच भीती वाटत असेल तर थोडे दिवस थांबून घ्या, कायमचा बंद करू नका.

विंडोज १० वाल्यांसाठी वेगळं सांगायला हवं. त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. कॉम्प्युटर चालू राहतो, पण पुढे सापडणाऱ्या चुका आपोआप दुरुस्त होत नाहीत. मायक्रोसॉफ्टने घरगुती लोकांसाठी वाढीव सुरक्षा अपडेटची सोय ठेवलीय, तिच्यासाठी नाव नोंदवावं लागतं. ती घ्या, नाहीतर विंडोज ११ वर जा, आणि मशीन जुनं असल्याने ते जमत नसेल तर त्यावर लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम, टाका. नुसतं ब्राउझिंग आणि टायपिंग करणाऱ्याला लिनक्स अगदी पुरतं.

## मग अँटीव्हायरस करतो काय?

अँटीव्हायरस म्हणजे गेटवरचा वॉचमन समजा. त्याच्याकडे आधी पकडलेल्या चोरांचे फोटो असतात, चेहरा जुळला की तो अडवतो, ह्या फोटोंना सिग्नेचर म्हणतात. चोराने मिशी लावली तर फोटो जुळत नाही, म्हणून नवे अँटीव्हायरस चेहऱ्याबरोबर वागणूकही बघतात: हा प्रोग्रॅम अचानक शेकडो फाइली का बदलतोय, ब्राउझरचे पासवर्ड जिथे असतात तिथे का डोकावतोय. पण मालकानेच गेटवर येऊन "हा माझा पाहुणा आहे, सोड त्याला" म्हटलं तर वॉचमन किती भांडणार? क्लिकफिक्स आणि क्रॅक नेमकं हेच करतात.

१००% पकडणारा अँटीव्हायरस कधी येईल का? येणार नाही, आणि हे माझं मत नाही. फ्रेड कोहेन ह्या संशोधकाने १९८० च्या दशकातच गणिताने सिद्ध केलंय की कुठलाही प्रोग्रॅम व्हायरस आहे की नाही हे दरवेळी अचूक सांगणारा प्रोग्रॅम लिहिताच येत नाही. तेव्हा "संपूर्ण संरक्षण" असं खोक्यावर लिहिलेलं दिसलं तर ते जाहिरात विभागाने लिहिलंय असं समजावं.

विंडोज ८ पासून विंडोजमध्येच डिफेंडर येतो आणि घरगुती वापराला तो पुरेसा आहे असं माझं मत. विकतचा घेतलात तर चूक नाही, पण दोन अँटीव्हायरस एकावेळी चालवू नका, ते एकमेकांनाच पकडत बसतात आणि मशीन रडायला लागतं. अँटीव्हायरसला सिस्टीममध्ये फार खोलवर अधिकार द्यावे लागतात हेही विसरू नका. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक ह्या सुरक्षा कंपनीच्याच एका चुकीच्या अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर एका झटक्यात बंद पाडले, विमानतळांपासून बँकांपर्यंत. घरगुती नव्हते ते, पण असले अधिकार कुणाला द्यायचे ते बघून द्यावं एवढं तर कळतं. कुठल्यातरी साइटवर लाल खिडकी उघडून "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये १३ व्हायरस सापडले" असं ओरडणाऱ्याला तर नक्कीच नाही. वेबपेजला तुमची डिस्क स्कॅन करता येत नाही, ती खिडकी म्हणजे नुसतं चित्र. ब्राउझर बंद करा, संपलं. तिथे दिलेल्या नंबरवर फोन करू नका.

एखाद्या फाइलची शंका असेल तर व्हायरसटोटल नावाच्या साइटवर ती टाकता येते, तिथे अनेक अँटीव्हायरस एकदम तपासतात. फक्त खासगी कागदपत्रं तिथे टाकू नका, टाकलेली फाइल इतरांनाही मिळू शकते.

## "माझ्याकडे चोरण्यासारखं आहे काय?"

हा सगळ्यात कॉमन आक्षेप. उत्तर: तुमचा ईमेल. तो हातात आला की बाकी सगळ्या अकाउंटचे पासवर्ड "विसरलो" म्हणून बदलून घेता येतात.

हल्ली सर्रास दिसणारा व्हायरस म्हणजे इन्फोस्टीलर, माहिती चोरणारा. तो चालतो, ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड आणि कुकी गोळा करतो, पाठवून देतो, कित्येकदा स्वतःला पुसूनही टाकतो. कुकी का, तर तुम्ही एकदा लॉगिन केलंत की साइट ब्राउझरमध्ये एक खूण ठेवते, म्हणजे पुन्हापुन्हा पासवर्ड विचारायला नको. ती खूण चोरली की चोराच्या ब्राउझरला साइट तुम्हीच आहात असं समजते, ओटीपी विचारतच नाही, कारण तिच्या लेखी लॉगिन आधीच झालंय. लुमा ह्या अशाच एका स्टीलरवर मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि काही देशांच्या पोलिसांनी कारवाई केली, तेव्हा आधीच्या दोन महिन्यांत सुमारे ३ लाख ९४ हजार विंडोज कॉम्प्युटर त्याने बाधित झाल्याचं मायक्रोसॉफ्टने सांगितलं. एवढ्या लोकांमधल्या कोणाकडे "चोरण्यासारखं" काय आहे हे कोणी आधी बघत बसत नाही, सरसकट गोळा करतात आणि घाऊक विकतात.

म्हणून महत्त्वाचे पासवर्ड ब्राउझरमध्ये न ठेवता वेगळ्या पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा, आणि बँकेचं काम झालं की नुसता टॅब बंद न करता लॉगआउट करा.

## मॅकला व्हायरस लागत नाही ना?

लागतो. २०१२ मध्ये फ्लॅशबॅक नावाच्या व्हायरसने सहा लाखांच्या आसपास मॅक पकडले होते आणि आता मॅकसाठी बनवलेले खास स्टीलरही आहेत. प्रमाण विंडोजपेक्षा कमी, एवढंच.

## रोजच्या वापराला अ‍ॅडमिन अकाउंट नको

नवीन कॉम्प्युटर घेतला की पहिलं अकाउंट अ‍ॅडमिन असतं आणि सगळे तेच वापरत राहतात. तुम्ही चालवलेल्या प्रोग्रॅमला तुमचे अधिकार मिळतात, त्यामुळे अ‍ॅडमिन म्हणून काही चुकीचं चाललं तर ते पूर्ण सिस्टीममध्ये हात घालू शकतं. दुसरं साधं अकाउंट काढा, रोज ते वापरा, मुलांना तर तेच द्या. काही इन्स्टॉल करताना पासवर्ड विचारला जाईल, कटकट वाटेल, पण तीच वेळ असते "हे मी मागितलं होतं का?" असं स्वतःला विचारायची. स्टीलर साध्या अकाउंटमधूनही चोरी करू शकतो हे मान्य, पण निदान अँटीव्हायरस बंद करणं त्याला सोपं जात नाही.

## बॅकअप, आणि तो काढून ठेवलेला

फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस म्हणजे रॅन्समवेअर. कल्पना जुनी आहे, १९८९ मध्ये एड्सच्या माहितीची म्हणून पोस्टाने पाठवलेली फ्लॉपी ठरावीक वेळा कॉम्प्युटर चालू झाला की फाइली लपवून १८९ डॉलर मागायची. तेव्हाचं कुलूप कच्चं होतं, आजचं पक्कं असतं. काही प्रकारांच्या चाव्या 'नो मोअर रॅन्सम' ह्या युरोपोल (युरोपची पोलीस संस्था) वगैरेंच्या साइटवर फुकट मिळतात, सगळ्यांच्या नाही. पैसे भरले तरी फाइली मिळतीलच ह्याची कोणी हमी देत नाही.

खरा उपाय बॅकअप, आणि इथे दोन चुका हमखास होतात. बाहेरची हार्ड डिस्क कायम लावून ठेवतात, मग व्हायरस तिच्यावरच्या फाइलीही बंद करतो. बॅकअप झाला की केबल काढा. दुसरी चूक म्हणजे क्लाउड सिंकला बॅकअप समजणं. सिंकचं काम कॉम्प्युटरवर जे झालं तेच वर करणं, फाइल बिघडली की बिघडलेलीच वर जाते. बऱ्याच क्लाउडमध्ये जुन्या आवृत्त्या काही दिवस मिळतात, पण ते आधी तपासून ठेवा. आणि वर्षातून एकदा तरी बॅकअपमधली फाइल खरंच उघडते का ते बघा.

## लागलाच तर

आधी वायफाय बंद किंवा केबल काढा. मग त्या कॉम्प्युटरवरून काहीही लॉगिन न करता फोनवरून किंवा दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून पहिल्यांदा ईमेलचा पासवर्ड बदला आणि "सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट" करा. हे दुसरं महत्त्वाचं, कारण बऱ्याच ठिकाणी नुसता पासवर्ड बदलून चोरलेली कुकी निकामी होत नाही. मग बँक, मग बाकीचे. पैशांचे व्यवहार होत असतील तर बँकेला लगेच फोन. लोक नेमकं उलट करतात, चार तास स्कॅन करत बसतात आणि तोवर अकाउंट जातात.

नंतर डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन चालवा, तो विंडोज सुरू होण्याआधी तपासतो त्यामुळे लपून बसलेला प्रोग्रॅमही सापडायची शक्यता वाढते. स्कॅन स्वच्छ आला तरी मनात शंका असेल, किंवा तुम्ही रनमध्ये काहीतरी पेस्ट केलं होतं हे आता आठवत असेल, तर सरळ फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाका. त्यासाठीचा पेनड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरवर बनवा. बॅकअपमधून फोटो आणि कागदपत्रं परत आणा, पण जुने सेटअप आणि इन्स्टॉलर आणू नका, ते अधिकृत साइटवरून पुन्हा डाउनलोड करा, कारण सगळा घोळ कदाचित त्यांच्यातल्याच एखाद्या फाइलपासून सुरू झाला असेल.